बाईंच्या हातातले पाचशे रुपये

शाळेचा विषय निघाला की आपण गळती, संडास, पाणी यांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवं. पण वर्गात काय नवं करायचं हे ठरवायला शिक्षिकेच्या हाती पैसे किती असतात, हा प्रश्न आपल्या बैठकीत क्वचितच निघतो.

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेले जिल्हे त्यासाठी निवडले गेले. आपल्याकडचे लातूर, नांदेड, परभणी त्यात होते. या कार्यक्रमात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानानेही ते चालू ठेवले. रक्कम चिमूटभर, पण १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत साहित्याची यादी वरून ठरत होती, इथे निर्णय बाईंचा होता.

पाचशे रुपयांत काय होतं? कार्डशीट, रंग, डिंक, सुतळी येते. मुली गावाचा नकाशा काढू शकतात: पाणी कुठून आणतो, अंधार पडल्यावर कोणत्या वाटेनं जात नाही, मुलगे कुठे खेळतात आणि आपण कुठे नाही. आईच्या दिवसाच्या तासांची बेरीज हे गणित होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या की वर्गाचं हस्तलिखित तयार होतं. आई ‘काहीच करत नाही, घरीच असते’ हे वाक्य अशा वर्गात टिकत नाही.

यातले पुष्कळसे पैसे तपासणीत दाखवायच्या तक्त्यांवर गेले, हेही खरं. पण तो दोष बिलं मागणाऱ्या आणि काम न पाहणाऱ्या पद्धतीचा होता.

२०१८ मध्ये समग्र शिक्षा आली, शाळेची निरनिराळी अनुदानं एकत्र झाली. शिक्षिकेच्या हाती स्वतंत्र रक्कम देणारी ती जुनी तरतूद त्यात राहिली नाही. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये ठरले. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर, उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती. मग नकाशाचा कागद कुठून येतो? बाईंच्या पर्समधून. आणि वर कौतुक होतं, ‘बाई किती मनापासून करतात!’ घरात बाईचे कष्ट प्रेमाच्या नावाखाली फुकट जातात. शाळेत ते आवडीच्या नावाखाली जातात. सरकारची बचत बाईच्या खिशातून होते, हे आपण ओळखायला नको का?

कोणी म्हणेल, देणगीदार आहेत, २०१४ पासून कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करणं कायद्यानं लागू झालं आहे. मिळालं तर घ्यावं. पण देणगीदाराला गाडी पोचेल अशी शाळा सोयीची, आणि पुढच्या वर्षी त्याचं मन बदललं तर विचारायचं कोणाला? सरकारी तरतुदीचा जाब विचारता येतो, दानाचा नाही.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, शिक्षकांच्या जागा रिकाम्या असताना रंग-कागदाचं काय घेऊन बसलात? जागा भरायलाच हव्यात. पण भरलेल्या जागेवरच्या बाईला फक्त वरून आलेलं वाचून दाखवायचं असेल, तर मुलींच्या आयुष्याला वर्गात जागा कशी मिळणार?

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. प्रत्येक शिक्षिकेला वर्षाला स्वतंत्र रक्कम मिळावी आणि ती महागाईबरोबर वाढावी. खर्चाचा हिशेब बिलांइतकाच मुलांच्या कामातून पाहावा आणि ते काम ग्रामसभेत मांडावं.

हे करून घ्यायला आपल्या हाती साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आहेत. पण बऱ्याच गावांत त्या बाया सहीपुरत्याच बोलावल्या जातात. बचत गटाची वही चोख ठेवणाऱ्या बाईला शाळेची वही वाचता येणार नाही, असं कोण म्हणेल? प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या या सदस्य बायांना गाठावं, शाळेचं खातं त्यांच्याबरोबर एकदा वाचावं. सहीच्या आधी एक प्रश्न विचारायचा: यातलं मुलींच्या वर्गापर्यंत किती पोचलं?