चरबीला जागा हवी

मधुमेहावरची पायोग्लिटाझोन सुरू केली की रुग्णाचे वजन वाढते, म्हणून आपल्यापैकी बरेच जण ती बंद करतात. काही रुग्णांत ते योग्यही असते. पण वाढलेल्या वजनात अंगात साठलेले पाणी किती आणि नव्या चरबीपेशी किती, हा प्रश्न विचारल्याशिवाय गोळी लिहू नये आणि थांबवूही नये.

चरबीच्या ऊतीत आणि अस्थिमज्जेत मेसेन्कायमल मूळपेशी असतात. त्यांच्यातून चरबीपेशी घडताना आधी सी/ईबीपी-बीटा आणि डेल्टा ही प्रथिने जागी होतात. ती पीपीएआर-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा यांची जनुके चालू करतात. ही दोन प्रथिने मग एकमेकांना चालू ठेवतात, त्यामुळे तयार झालेली चरबीपेशी सहसा मागे फिरत नाही. पीपीएआर-गॅमा एकटे फायब्रोब्लास्टमध्ये घातले तरी त्यांच्यात चरबी भरू लागते, हे ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवले. पायोग्लिटाझोनसारखी ग्लिटाझोन औषधे याच प्रथिनाला चिकटतात, हे पुढच्याच वर्षी कळले.  

मग चरबीपेशी वाढून साखर उतरते कशी? भाव पडला की आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात आणि माणसांना झोपायला जागा उरत नाही. कातडीखालच्या पेशी कमी पडल्या की चरबी अशीच यकृतात आणि स्नायूंत शिरते आणि इन्सुलिन निष्प्रभ होते; नव्या चरबीपेशी आल्या की तिला तिची जागा मिळते. ज्यांच्या पीपीएआर-गॅमाच्या जनुकातच दोष आहे अशा माणसांत तीव्र इन्सुलिन-रोध आढळल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी १९९९ मध्ये नोंदवले. त्यांच्या हातापायांवर चरबी फारशी धरत नाही.

यवतमाळच्या ओपीडीत येणारा काटक बांध्याचा मधुमेही या नजरेने पाहायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू बराच कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटीमीटर ही कमरेची मर्यादा टेपने तपासा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. मज्जेतली तीच मूळपेशी एरवी हाड घडवणारी पेशी होऊ शकते. पीपीएआर-गॅमाला जोर दिला की पारडे चरबीकडे झुकते आणि स्त्रियांत हात-पायांच्या अस्थिभंगाचा धोका वाढतो. हृदयविकाराने दम लागणाऱ्याला हे औषध नकोच. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०१३ च्या जूनमध्ये सरकारने त्यावर बंदी घातली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह उठवली. तो इशारा रुग्णापर्यंत क्वचितच पोचतो, कारण ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या तिहेरी गोळीत पायोग्लिटाझोन आहे हे लिहून देणाऱ्याच्याही नेहमी लक्षात नसते. कापूस वेचणीला गेलेली पन्नाशीची मधुमेही बाई मनगट मोडून आली, तर प्लास्टर घालण्याआधी तिच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी मागून वाचा.