नव्या गावी बाळाची पहिली शाळा

बदलीचे हुकूम बहुधा उन्हाळ्यात निघतात आणि सामानाचा ट्रक पावसाळ्याच्या तोंडावर नव्या गावी पोहोचतो. बँक, महसूल, वनखाते, रेल्वे किंवा धानाचा व्यापार, कारण कोणतेही असो. अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावी येणाऱ्या तरुण कुटुंबात अडीच-तीन वर्षांचे मूल असले, तर दूधवाला ठरण्याच्या आधीच एक प्रश्न उभा राहतो: याला आता कोठे घालायचे? विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या मागाहून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे विचाराला थोडे दिवस मिळतात. पण बहुतेक घरांत तो विचार होत नाही. शेजारच्यांची मुले जेथे जातात तेथे पैसे भरले जातात आणि पावती कपाटात ठेवली की आईवडिलांना हायसे वाटते.

मोठ्या शहरातून आलेल्यांची पहिली तक्रार अशी असते की येथे निवड करण्याजोगे काही नाही. त्यांच्या मनातल्या प्लेग्रुपच्या रंगीत भिंती येथे क्वचितच दिसतात. विदर्भात ज्याला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग त्याचा ख्रिस्ती मठाशी काडीचा संबंध नसो, तशी इंग्रजी माध्यमाची नर्सरी आणि के.जी. असते. दुसरी असते वस्तीतली अंगणवाडी. सुस्थितीतील घरे या दुसरीकडे पाहतही नाहीत. ती गरिबांची, तेथे खिचडी मिळते, एवढीच तिची ओळख. शासनाने मात्र तिला उत्पन्नाची अट घातलेली नाही. वस्तीतले तीन ते सहा वर्षांचे कोणतेही मूल तेथे जाऊ शकते आणि त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही.

या दुर्लक्षात एक विसंगती आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि त्यामागचा विचार महाराष्ट्रातच घडला, आणि तो घडवणाऱ्या बाईंच्या आयुष्याचा काही काळ विदर्भात, अमरावतीस गेला होता. ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 चा, मुंबईचा. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या, पुढे राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या आणि 1923 मध्ये ती मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. त्या वेळी त्या स्वतः एका लहान मुलीच्या आई होत्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना न मारता, न घोकवता, त्यांच्या कलाने वाढवण्याचा प्रयोग तेथे चालला होता. माँटेसोरीबाईंच्या विचारांतून गिजुभाईंनी तो उभा केला होता. 1926 मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

पण खरी कसोटी पुढे लागली. 1945 मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे बालवाडी उघडली, तरी आदिवासी पाड्यांवरची मुले तिच्यापर्यंत येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचे, गुरे राखायची, आणि अंतरही होतेच. तेव्हा बाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. शाळा मुलाच्या दारात असावी हा त्या नावाचा सरळ अर्थ आहे, आणि नव्या गावी आलेल्या पालकांनी पहिली चौकशी याच अर्थाने करावी: घरापासून किती अंतर?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. तालुक्याच्या गावातील खासगी शाळांच्या गाड्या आसपासच्या खेड्यांतून मुले गोळा करीत फिरतात. सकाळी सर्वांत आधी बसणारे आणि दुपारी सर्वांत शेवटी उतरणारे तीन वर्षांचे मूल शाळेत जितका वेळ असते, त्याच्या निम्मा वेळ कधीकधी गाडीत काढते. मार्चनंतरच्या दुपारी या भागातले ऊन काय असते, ते सांगायला नको. गोंदियाच्या नामांकित शाळेचे स्वप्न ज्यांना पडते, त्यांनी ते निदान सहाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीपूर्वीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी असा पाच वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि पहिलीचे वय सहा वर्षे ठरवले आहे. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पुरती तीन वर्षे आहेत. कोणाची गाडी चुकत नाही.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची. प्रवेश घेण्यापूर्वी एक तास तेथे बसू द्याल का, असे विचारावे. जी शाळा यास नकार देते, तिचे उत्तर तेथेच मिळाले. बसल्यावर भिंतीवरची चित्रे पाहू नयेत. रडणाऱ्या मुलाकडे कोण जाते ते पाहावे. बाई खाली, मुलाच्या उंचीवर बसून बोलतात की टेबलामागून? शू लागल्याचे मूल सांगू शकते का, सांगितल्यावर कोण नेते, तेथे पाणी आहे का? आवाराला फाटक आहे का, आणि ते लावलेले असते का? घरी नेण्यास कोण येईल याची नोंद ठेवतात का? आणि मुलांच्या हाती काय आहे: चिकणमाती, खडू, चेंडू, की चार रेघी वही? या वयात मनगटाची हाडे पुरती तयार झालेली नसतात. 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हीच या वयाची शिकण्याची रीत मानली आहे आणि परीक्षा अयोग्य ठरवल्या आहेत. तरीही दिवाळीपर्यंत शंभर आकडे लिहून दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक करणारे आजोबा आणि त्यांना खूश करू पाहणारी शाळा, हे दोन्ही सर्वत्र आढळतात.

हे निकष अंगणवाडीलाही तितक्याच कठोरपणे लावावेत. सगळ्या अंगणवाड्या ताराबाईंच्या मनातल्या नाहीत. कोठे एकच खोली, तीत धान्याची पोती. कोठे सेविकेचा वेळ नोंदवह्यांत आणि मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. मुलांना खेळवण्यासाठी मग मदतनीस तेवढी उरते, आणि तिला स्वयंपाकही करायचा असतो. पण गावातच वाढलेली, प्रत्येक मुलाचे घर ठाऊक असलेली, गाणी तोंडपाठ असलेली सेविका जेथे भेटेल, तेथे मूल ठेवण्यास संकोच नसावा. परिसरातील ‘प्रतिष्ठित’ घरांनी आपली मुले तेथे घातली, तर त्या खोलीचे पत्रे गळतात याची चर्चा नगरपंचायतीपर्यंत लवकर जाईल, हाही एक लाभच.

भाषेची धास्ती अनेकांना असते. अर्जुनी मोरगाव झाडीपट्टीत आहे. येथल्या झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो, पाणी ‘पानी’ होते. कोठे गोंडी, कोठे हिंदी, आणि तालुक्यातील पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली कानी पडते. घरी मारवाडी वा गुजराती आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या जैन कुटुंबांना दोन भाषांचे जगणे नवे नाही. तरी मुलाने ‘पानी’ म्हटले की घरात कुजबुज होते. त्यात बिघडत काहीच नाही. तीन वर्षांच्या मुलाला गल्लीची बोली आली, की त्याला गल्लीत मित्र मिळतात. प्रमाण मराठी घरात आहे, पुस्तकांत आहे, ती कोठे जात नाही. अडचण उलट्या बाजूने येते: ज्याला अजून कोणत्याच भाषेत पोट दुखते हे नीट सांगता येत नाही, त्याला इंग्रजीत मागितल्याशिवाय पाणी न देणारी शाळा. तशी शाळा टाळावी.

उरतो खाण्याचा प्रश्न, जो जैन घरात प्रथम येतो. खिचडीत बटाटा-कांदा असेल, काही आदिवासी भागांतल्या अंगणवाड्यांत अंडेही देतात. याविषयी सेविकेशी पहिल्याच दिवशी, शांतपणे, एका वाक्यात बोलावे: हा अमुक खात नाही, त्याचा डबा घरून येईल. बहुतेक सेविका हे सहज सांभाळतात. मात्र इतर मुलांच्या ताटात काय असावे, याबद्दल बोलू नये. पोषणाची निकड असलेल्या मुलाचे ते अन्न आहे. आणि आपल्या मुलाला ‘ते घाण असते’ असे शिकवून पाठवू नये. ‘आपण ते खात नाही’ एवढे त्याला पुरते. शेजारी बसलेल्या मित्राच्या ताटाला नाक मुरडणारे मूल आठवड्यात एकटे पडते, आणि त्याचे कारण त्याला कळत नाही.

प्रवेश ठरल्यावरही लगेच पाठवावेच असे नाही. घर बदलले, आजी दूर गेली, झोपेची खोली बदलली. या सगळ्याचा अर्थ मुलाला अजून लागलेला नसतो. अशात पाचव्या दिवशी अनोळखी दारात सोडून आई पाठमोरी होते. महिनाभर घर अंगवळणी पडू द्यावे. संध्याकाळी त्याच शाळेच्या फाटकावरून फेरी मारावी, बाईंना रस्त्यात नमस्कार करावा. मग पहिला आठवडा अर्धा तास, आईसह. दुसरा आठवडा आई बाहेर ओट्यावर. निघताना सांगून निघावे, नजर चुकवून नव्हे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत पाऊस लागून राहिला आणि दोन-तीन दिवस घरी राहावे लागले, तर रडणे पुन्हा सुरू होईल, तेव्हा पुन्हा अर्ध्या तासापासून आरंभ करावा.