मुरलेली सिगार आणि घोटलेला खर्रा

थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. शेतात रोडग्यांच्या पार्ट्या सुरू झालेल्या असतात, कोणी बेंबळा धरणावर डबा पार्टीला निघालेले असते, कोणी टिपेश्वरला वाघ बघायला. बीपी तपासून झाले की पेशंट आवाज जरा खाली आणून विचारतो, "डॉक्टरसाहेब, मित्राने दुबईहून क्युबन सिगार आणली आहे. चांगली सात-आठ वर्षे मुरलेली. धूर मी आत घेतच नाही, फक्त तोंडात खेळवतो. वर्षातून दोन-तीनदा. याला काही व्यसन म्हणत नाहीत ना?"

विचारणारे बहुधा पन्नाशीपुढचे, शिकलेले, कमावते असतात. वकील असतात, प्राध्यापक असतात, आमच्या व्यवसायातलेही असतात. त्यांना माहिती नको असते, परवानगी हवी असते. ती मी देत नाही. का देत नाही, हे एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वर्षाला दोन सिगार ओढल्याने तुम्हाला कॅन्सर होईलच, असे म्हणून मी घाबरवणार नाही. धोका किती तंबाखू आणि किती वर्षे, यावर वाढत जातो. पण "ही चांगल्या दर्जाची आहे, मुरलेली आहे, मी धूर गिळत नाही, म्हणजे ही ती तंबाखू नव्हे" हे जे म्हणणे आहे ना, ते साफ खोटे आहे.

"धूर आत घेत नाही" हे सगळ्यात लाडके वाक्य. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. त्यातले निकोटीन तोंडाच्या त्वचेतून फारसे शोषले जात नाही, म्हणून सिगारेटवाल्याला झुरका छातीत ओढावा लागतो. सिगारची पाने वेगळ्या पद्धतीने वाळवतात आणि ढीग लावून आंबवतात. त्यामुळे तिचा धूर अल्कधर्मी होतो, आणि अशा धुरातले निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात उतरते. तुम्ही धूर आत घेत नाही हा तुमचा संयम नाही. सिगारला त्याची गरजच नसते.

आता हेच काम आपल्या गल्लीतला पानठेलेवाला कसे करतो ते बघा. सुपारी आणि तंबाखू पन्नीत घेतो, त्यावर चुना टाकतो आणि हाताने घोट घोट घोटतो. चुना कशाला? तोही अल्कधर्मी. निकोटीन गालातून शोषले जावे म्हणून. क्युबात पाने आंबवून जे साधले जाते, ते यवतमाळात चुन्याने साधले जाते. एक वस्तू हजारो रुपयांची, दुसरी किरकोळ सुट्ट्या पैशांची, पण गालाच्या अस्तराला किंमत वाचता येत नाही.

मग मुरण्याचे काय? तंबाखू मुरते तेव्हा तिच्यातला अमोनिया हळूहळू उडून जातो. धूर घशाला टोचत नाही, वास गोलसर होतो. शौकीन ज्याला परिपक्वता म्हणतात ती हीच. पण आंबवण्याच्या काळातच तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगजनक द्रव्ये तयार होतात, सिगारेटच्या तंबाखूपेक्षा जास्त प्रमाणात. देवदाराच्या पेटीत, मोजून राखलेल्या ओलाव्यात कितीही वर्षे ठेवा, ती मुरून नाहीशी होत नाहीत. जाते ते फक्त टोचणे. म्हणजे शरीर जो एक साधा इशारा देऊ शकत होते, तोच बंद होतो आणि आपण त्याला "स्मूद" म्हणून गुण देतो. आमच्याकडचे जाणकारही चांगल्या घोटलेल्या खर्‍याबद्दल हेच सांगतात, "लागत नाही, साहेब."

सिगारला गुण देण्याची एक अख्खी पद्धत आहे. बाहेरच्या पानाची तेलकट चमक बघायची, राख किती लांब टिकते ते बघायचे, मग पहिल्या तिसऱ्या भागात देवदार, मधल्यात कॉफी-कोको आणि शेवटच्यात मिरी शोधायची. शेवटचा भाग "दमदार" लागतो असे म्हणतात. लागणारच. सिगार जळत येते तसा तिचा धूर आणखी अल्कधर्मी होत जातो, आणि निकोटीनचा धक्का वाढतो. मोठ्या सिगारमध्ये 5 ते 17 ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी. एकच तर ओढली, असे म्हणताना हे लक्षात असू द्या. त्यात ती संपायला तास-दीड तास लागतो, आणि तेवढा वेळ शेजारी रोडगे भाजणारी वहिनी आणि नातवंडे तोच धूर श्वासात घेत असतात.

नवख्या माणसाला शेवटी चक्कर येते, घाम फुटतो, मळमळते. याला हौसेने "सिगार चढली" म्हणतात. ही निकोटीनची सौम्य विषबाधा आहे. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यातले शेतकरी-मजूर विषबाधा होऊन दवाखान्यात आले आणि त्यातले वीसच्या वर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्या फवारणीतली बरीच औषधे ज्या चेतासंस्थेत गोंधळ घालतात, निकोटीनही तिथेच बोट घालते. अग्निअस्त्र बनवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो गोमूत्रात कडुनिंब आणि मिरचीबरोबर तंबाखू का उकळतो. अळीला देवदाराची चव कळावी म्हणून नव्हे.

जाणकारी माणसाला वाचवत नाही, याचा दाखला हवा असेल तर सिग्मंड फ्रॉइड घ्या. मनाचा एवढा अभ्यासक, स्वतः डॉक्टर, आणि सिगारचा पक्का शौकीन. 1923 मध्ये त्याच्या टाळूला आणि जबड्याला कॅन्सर निघाला. 1939 मध्ये तो गेला, तोवर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा भाग काढल्यामुळे तोंड आणि नाक एक झाले होते, मध्ये कृत्रिम टाळू बसवावी लागे. सिगार मात्र त्याला सुटली नाही. त्याचा शौक वर्षातून दोनदाचा नव्हता, रोजचा होता, हे मान्य. पण आयुष्यातल्या पहिल्या सिगारीला रोजची म्हणून कोण हात लावतो?

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे निघाले, धूम्रपान करणारे 3.8 टक्के. आपल्या राज्याचा रोग हा तोंडात धरलेल्या तंबाखूचा रोग आहे. 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे खर्राही तिच्यात आला, तरी खर्रा कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा जिल्ह्यात साहेब गाडीत बसून ड्रायव्हरला म्हणतात, "अरे, थुंक तो खर्रा, मरशील." आणि धरणावर पोचल्यावर स्वतः तोंडात धरायची तंबाखू पेटवतात. ड्रायव्हर बोलत नाही, पण बघत असतो. त्याच्याकडे व्यसन आहे आणि साहेबांकडे अभिरुची, हा फरक त्याला पटत नाही आणि पटूही नये. आम्ही डॉक्टरही कमी नाही. मजुराच्या केसपेपरवर तंबाखू लाल शाईने लिहितो आणि वकीलसाहेबांना विचारायचेच विसरतो.

ज्यांना शुगर आहे, बीपी आहे, हृदयात स्टेंट बसवली आहे, त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा हा हिशोबही चालत नाही. निकोटीन नाडी आणि रक्तदाब लगेच वाढवते, रक्तवाहिन्या आक्रसवते. सोबत व्हिस्कीचा ग्लास असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या बाबतीत दारू आणि तंबाखूच्या धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, त्याहून जास्त होते.

"मग त्या पेटीचे करू काय, महाग आहे हो," असेही विचारतात. मोडून पाण्यात टाका. दुसऱ्याला भेट देऊ नका.

आणि आज घरी एवढे करा. भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडा. तुमचीच तीन बोटे उभी एकावर एक आत जातात का बघा. गाल बाहेर ओढून आतला भाग, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, गाठ, तिखट सहन न होणे किंवा तोंड कमी उघडणे, यातले काहीही दिसले तर दंतवैद्याकडे किंवा माझ्याकडे त्याच आठवड्यात या. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखतच नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे. ड्रायव्हरलाही द्या, आणि त्याचेही तोंड तपासून घ्या.