घरगुती लेपांत सुगंध घालावा कीं नाहीं?

दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या वर्गांत एक वाद निघाला, तो अद्यापि मिटलेला नाहीं. शाळेच्या आनंदमेळाव्यांत विकण्याकरितां हातापायांस लावावयाचें क्रीम घरीं तयार करण्याचें कांहीं मुलींनीं मनावर घेतलें. खोबरेल, मधमाश्यांचें मेण आणि गुलाबपाणी घोटून एकजीव करावयाचें, एवढेंच काम; परंतु त्यांत सुगंध कोणता व किती घालावा, या प्रश्नावर दोन तट पडले. वासावांचून तें घेणार कोण, असा एका पक्षाचा सवाल. वास हवा असेल त्यानें अत्तर लावावें, असा दुसऱ्याचा जबाब. आम्ही प्रारंभीं पहिल्या पक्षाचे होतों. आतां बहुतांशीं दुसऱ्याचे झालों आहों, आणि त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्हांस सुगंधाचें वावडें आहे, असें मात्र कोणी समजूं नये. भायखळ्याच्या रहिवाशांस तें शोभणारहि नाहीं. ज्या 'अफगाण स्नो'नें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत घरोघरच्या आरशापुढें ठाण मांडलें, तें ई. एस. पाटणवाला यांचें क्रीम याच भायखळ्याचें. आणि त्याची आठवण काढतांना आमच्या आज्या रंगापेक्षां वासाचीच अधिक काढतात. पलीकडे महंमद अली रस्त्यावरील अत्तरवाल्यांच्या दुकानांवरून जातांना कोणाचीं पावलें मंदावत नाहींत? उत्तरेंत कनोज, जौनपूर या बाजूस तिळांवर ताज्या मोगऱ्याचे वा चमेलीचे थर देऊन, फुलें पुनःपुन्हां बदलून, मग ते तीळ घाण्यांत घालण्याची जुनी रीत आहे. तेल मुळांतच सुवासिक निघतें. वरून कांहीं ओतावें लागत नाहीं.

आमच्या घरचें उदाहरण दिवाळीच्या उटण्याचें. वाळा, नागरमोथा, गव्हला कचरा, कपूर काचरी, आंबेहळद! हा सारा सुगंधच नव्हे काय, असें आम्हांस विचारण्यांत आलें. आहे खरा, परंतु उटणें कोरडें असतें, आणि अंगास लावून घटकेच्या आंत धुऊन टाकावयाचें असतें. क्रीम दिवसभर अंगावर राहतें. हा भेद लहान नव्हे. युरोपीय संघानें 2003 सालीं कातडीस बाधूं शकणाऱ्या 26 सुगंधी द्रव्यांचीं नांवें वेष्टनावर छापण्याचें बंधन घातलें, तेव्हां धुऊन टाकण्याच्या पदार्थांत शेंकडा 0.01 हून अधिक प्रमाण असल्यास, परंतु अंगावर राहणाऱ्या पदार्थांत शेंकडा 0.001 हून अधिक असल्यास, असा दसपट कडक नियम केला. 2023 सालीं ती यादी ऐंशींच्याहि पुढें गेली. तींत केवळ कारखान्यांतील रसायनें आहेत, असेंहि नाहीं. लिंबू-संत्र्याच्या सालींतील लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधील लिनालूल तींत आहेत. बाटली उघडी राहून हवा लागली कीं तींच द्रव्यें अधिक त्रासदायक होतात. दालचिनीचें तेल तर कातडीस चांगलेंच झोंबतें.

'नैसर्गिक' या शब्दावर आमचाहि पूर्वीं फार विश्वास होता. तो उडाला तो एका मे महिन्यांत. आमच्या एका मावसबहिणीनें घरच्या क्रीमला वास यावा म्हणून कागदी लिंबाची साल पिळून तींत घातली, तें दोन्ही हातांस लावलें, आणि दुपारभर गच्चीवर कुरडया वाळवीत बसली. दोन दिवसांनीं हातांवर फोड आले. ते बसले, पण काळे डाग कित्येक आठवडे गेले नाहींत. लिंबाच्या सालींतील कांहीं द्रव्यें ऊन लागतांच कातडी भाजतात, हें डॉक्टरांनीं सांगितल्यावर आम्हांस कळलें. बिचारीची चूक एवढीच, कीं तिला सुवास हवा होता.

दुसरें कारण आम्हांस याहून मोठें वाटतें. बाजारच्या बाटलीवर तारीख असते. घरच्या बरणीवर काय असतें? तेल खवट झालें, हें गृहिणी नाकानेंच ओळखते. सुगंध घातला कीं त्या पहारेकऱ्याचें तोंड बांधलें! त्यांत गुलाबपाणी असेल तर बुरशी व जंतु यांना घर मिळालेंच, आणि जंतूंचा तर पुष्कळदां वासहि येत नाहीं. म्हणून पाण्याचें क्रीम थोडेंच करावें, शीतकपाटांत ठेवावें, आठवडाभरांत संपवावें. पाणीच वगळून नुसतें तेल-मेण घेतलें तर तें पुष्कळ टिकतें.

शिवाय शेजाऱ्याचाहि विचार आहे. सकाळच्या गाडींत भायखळ्यास चढणारा मनुष्य डोळे मिटूं शकतो, नाक कोठवर मिटणार? आमच्याच वर्गांत दम्याचा विकार असलेली एक मुलगी आहे. बांकावर शेजारी कोणी उग्र वासाचें कांहीं लावून बसली कीं ती निमूटपणें खिडकीकडे सरकते. तक्रार तिनें कधीं केली नाहीं, आणि आम्हींहि बरेच दिवस विचारलें नाहीं.

तरीहि घालावयाचाच असेल तर कातडीस लावण्याकरितां म्हणून विकलेलें सुगंधी तेल घ्यावें, उदबत्तीचें नव्हे. शंभर ग्रॅम क्रीमला अर्धा ग्रॅम पुष्कळ झाला. थेंब लहानमोठे पडतात, म्हणून तोलून घेणें बरें. मिश्रण 40 अंशांच्या खालीं निवाल्यावरच तो घालावा. कढत असतां घातला तर निम्मा वास स्वयंपाकघरांतच उडून जातो. मग कोपराच्या आंतील बाजूस किंचित् लावून दोन दिवस वाट पाहावी. तान्ह्या मुलाकरितां केलेल्या बरणींत एक थेंबहि नको. आजीबाईंनीं कितीहि आग्रह केला तरी नको.

मेळाव्याच्या मंडळींस आमची एवढीच सूचना आहे, कीं मेजावर दोन बरण्या ठेवाव्या. एकीवर 'विनासुगंध' अशी चिठ्ठी असावी, दुसरीवर सुगंधाचें नांव व प्रमाण. दोहोंवर केल्याची तारीख. किंमत एकच असावी. विनासुगंध बरणीची पहिली गिऱ्हाईक कोण, हें आम्हीं अगोदरच ठरविलें आहे. तिचे पैसे आमच्याकडे जमा आहेत.