कमरेवरचा वळ

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या वर्णाच्या लोकांना उन्हामुळे होणारा आजार, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेचसे रक्षण करते. परंतु वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या त्वचेला ते वाचवू शकत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली सहकाऱ्यासह लिहिलेल्या शोधनिबंधात, घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ मध्ये वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी अशाच दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, तर दुसरी परकराविना लुगडे नेसणारी. पहिलीची जखम दीड वर्ष व दुसरीची दोन वर्षे भरली नव्हती. दुसरीचा रोग तर जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

नाडीचा दाब, घर्षण, घाम आणि धूळ यांमुळे त्वचा प्रथम काळवंडते, खरबरीत होते, मग सोलवटते. तीच जागा पुनःपुन्हा चिघळत राहिली, तर क्वचित तिचे कर्करोगात रूपांतर होते. मलकापूर-खामगावचा उन्हाळा आणि दिवसभर गादीवरची बैठक लक्षात घेता आपण सावध असणे बरे.

उपाय साधे आहेत. परकराला बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा लावावा. गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नये. घरी असताना नाडी सैल करावी. स्नानानंतर कंबर कोरडी करून मगच वस्त्र नेसावे. त्वचा सोलवटली असेल, तर ती बरी होईपर्यंत सैल पोशाख वापरावा.

तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, कडा उचललेला व्रण, रक्तस्राव किंवा वाढती गाठ दिसल्यास दुकानातून मलम आणून वेळ दवडू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ती जागा दाखवावी. आवश्यक वाटल्यास ते तुकडा तपासणीसाठी पाठवतील. रोग लवकर कळला तर शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरा होतो.

खरी अडचण संकोचाची आहे. कंबर डॉक्टरांना दाखवणे घरातील आजींना अवघड वाटते आणि ‘जुनाच वळ आहे’ म्हणून विषय मिटतो. थकबाकी लहान असतानाच वसूल करावी, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सुनांनी, लेकींनी हा विषय आपणहून काढावा आणि सोबत दवाखान्यात जावे. घरातील पुरुषांनीही आपल्या धोतराची गाठ आणि पायजम्याची नाडी तपासून पाहावी.