न वापरलेली ओळ काढण्याआधी

यावल तालुक्यात फैजपूरला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या काय किंवा जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही महाविद्यालयातल्या काय, संगणकाच्या विद्यार्थ्याला लिनक्स कर्नलमध्ये घरबसल्या दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवता येते. फी नाही, वशिला नाही. लॅपटॉप, गिट आणि ई-मेल एवढ्यावर भागते. प्रत्येक अँड्रॉइड फोन याच कर्नलवर चालतो आणि कर्नलच्या निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या, म्हणजे वाय-फाय चिप, कॅमेरा, टचस्क्रीन अशा एकेका यंत्राशी बोलणाऱ्या कोडच्या आहेत. अजून नीट न बसलेले ड्रायव्हर २००८ पासून ‘स्टेजिंग’ या विभागात ठेवतात. नवखी मुले बहुधा तिथूनच सुरुवात करतात: मोकळ्या जागा सारख्या करणे, न वापरलेले व्हेरिएबल काढणे, नावे सुधारणे. अशा पॅचवर ‘कामात काही फरक पडत नाही’ अशी टीप असते आणि ती वाचून पुढे सरकण्याचा मोह तपासणाऱ्याला होतो. माझे मत उलटे आहे. ही टीप म्हणजे पॅच पाठवणाऱ्याचा दावा असतो आणि तपासणाऱ्याने सर्वांत आधी तोच पारखायला हवा.

ड्रायव्हरमध्ये तर हे फारच खरे. एखाद्या ओळीत चिपचे स्टेटस रजिस्टर वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवले आहे आणि पुढे त्याचा कुठेच उपयोग नाही, असे दिसते. कंपायलर इशारा देतो, विद्यार्थी अख्खी ओळ उडवतो. पण कित्येक चिपमध्ये ते रजिस्टर नुसते वाचल्यानेच इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला दिलेली हाक, मिटतो. पीसीआय कार्डात आधी लिहिलेली किंमत वाटेत रेंगाळू नये म्हणूनही मुद्दाम असे वाचन करतात. व्हेरिएबल काढावे, वाचन राखावे, हे रजिस्टरचा स्वभाव माहीत असणाऱ्यालाच कळते. ‘चेकपॅच’ ही शैली तपासणारी स्क्रिप्ट यूडिले दिसले की यूस्लीप-रेंज सुचवते. पहिल्यात प्रोसेसर जागच्या जागी थांबतो, दुसऱ्यात चालू काम झोपी जाते. स्पिनलॉक हे कोडमधले कुलूप धरलेले असताना झोपायची परवानगी नसते; तिथे ही ‘सुधारणा’ यंत्रणा कोलमडवू शकते. केळीच्या बागेत पिले कापायला विळा कोणीही चालवतो, पण पिलबागेसाठी कोणते पील राखायचे ते जाणताच ठरवतो. कोडच्या सफाईतही कौशल्य राखण्यात आहे.

अशा सफाईचा सर्वांत महागात पडलेला दाखला ड्रायव्हरमधला नाही, पण तो विसरता कामा नये. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधल्या, चाचणीचे साधन तक्रार करत होते अशा, दोन ओळी काढल्या. आधी विचारणाही झाली होती; मात्र त्या ओळी नेमके काय करतात हे कोणी शेवटपर्यंत पाहिले नाही. किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता त्यांतल्याच एका ओळीतून येत होती. परिणामी एकेका प्रकारच्या आणि लांबीच्या शक्य किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या घरात उरल्या. हे उघड झाले मे २००८ मध्ये, आणि जगभरच्या सर्व्हरवरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

यावर कर्नलची देखभाल करणारे म्हणतील, एवढा वेळ आणायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. तपासणारे थोडे आणि पॅच उदंड, ही जुनीच अडचण. पण पाठवणाऱ्याच्या चांगल्या हेतूवर विसंबून वेळ वाचत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिल्याचा वाद एप्रिल २०२१ मध्ये पेटला, तेव्हा त्या विद्यापीठाचे जुने ४३५ बदल पुन्हा तपासले गेले. बहुतेक बरोबर निघाले, ३९ चुकीचे. यांतले बरेच बदल चार-दोन ओळींचे, सद्‌भावनेने पाठवलेले होते. म्हणजे साधारण अकरांत एक चूक पहिल्या तपासणीतून निसटली होती.

दुसरा आक्षेप असा की, मग नवख्यांची सफाई बंदच का करू नये? तसे केले तर दार बंद होईल ते पुण्या-मुंबईच्या कंपनीत वरिष्ठाच्या शेजारी बसून शिकण्याची सोय नसलेल्यांचे. यावलच्या मुलाला अनुभवी अभियंत्याची रोखठोक टिप्पणी फुकट मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे. बदलायला हवे ते मोजमाप. चेकपॅचच्या इशाऱ्यांची संख्या कमी करणे हे काम नव्हे. कर्नलची स्वतःची मार्गदर्शिकाच सांगते की ती स्क्रिप्ट माणसाच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. ८० अक्षरांच्या मर्यादेपायी चांगल्या ओळी विनाकारण मोडल्या जात होत्या, म्हणून २०२० मध्ये तीच मर्यादा १०० करावी लागली. ‘काय बदलले’ हे पॅचमध्ये दिसतेच. ‘का बदलले आणि कशावर चालवून पाहिले’ हे जो लिहील, त्याचाच पॅच तपासायला घ्यावा. हार्डवेअर हाती नसेल, तर वेळेच्या आणि रजिस्टरच्या ओळींना हात लावू नये.

महाविद्यालयांनी प्रकल्पाचे गुण देताना किती पॅच स्वीकारले गेले एवढेच मोजू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने आधी दुसऱ्यांचे काही पॅच ओळ न ओळ वाचून त्यांवर लेखी शेरा द्यावा आणि गुण त्या शेऱ्याला मिळावेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने याची सुरुवात येत्या सत्रापासून करावी.