तारीख नसलेले झेंडे

२०२५च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या अनेक शहरांत रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर झेंडे चढले. काही युनियन जॅक, तर काही पांढऱ्यावर लाल क्रूस असलेले, म्हणजे सेंट जॉर्जचे. लावणारे म्हणत होते, हे देशप्रेम आहे. पण त्याच सुमारास आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलांबाहेर निदर्शने सुरू होती आणि तिथेही हेच झेंडे फडकत होते. साहजिकच अनेक स्थलांतरितांना आणि मुसलमानांना त्यात वेगळाच निरोप ऐकू आला.

देश त्यांचाही, झेंडाही त्यांचाच. मग धास्ती का वाटावी? माझ्या मते एक कारण साधे आहे. त्या झेंड्यांना तारीख नव्हती.

ब्रिटनमध्ये झेंड्याचे नाते कॅलेंडरशी जुने आहे. १ मार्च वेल्सच्या सेंट डेव्हिडचा, १७ मार्च आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकचा, २३ एप्रिल इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा आणि ३० नोव्हेंबर स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूचा. २००७ पर्यंत बहुतेक सरकारी इमारतींवर राष्ट्रध्वज ठरावीक दिवशीच चढत असे. त्या वर्षी ही अट सैल झाली आणि २०२१ मध्ये तो रोज फडकावण्याचे धोरण आले.

प्रांतांचे दिवस मला जास्त बोलके वाटतात. कॉर्नवॉल ५ मार्चला सेंट पिरानचा काळ्यावर पांढरा क्रूस असलेला झेंडा मिरवते. लँकेशायरचा दिवस २७ नोव्हेंबर. यॉर्कशायर १ ऑगस्टला निळ्यावर पांढऱ्या गुलाबाचा झेंडा लावते. हा दिवस सुरू झाला १९७५ मध्ये. आदल्या वर्षी सरकारने प्रशासकीय सीमा बदलल्या होत्या. आमचे यॉर्कशायर नकाशावरून पुसू नका, अशी ती तक्रार होती. म्हणजे रोख सरकारी फाईलवर होता, कुठल्या शेजाऱ्यावर नव्हता.

याचा अर्थ यॉर्कशायरमध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. क्रिकेटपटू अझीम रफीक यांनी तिथल्या क्लबमधल्या वंशद्वेषाची कहाणी २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे मांडली, ती ताजीच आहे. पण प्रादेशिक अस्मितेत एक सोय असते. ब्रॅडफर्डमध्ये वाढलेल्या पाकिस्तानी वंशाच्या पोराला यॉर्कशायरचे होण्यासाठी वंशावळ काढावी लागू नये. तिथे राहणे, तिथली बोली बोलणे पुरेसे असावे.

यावर कुणी बेलफास्टचे उदाहरण देईल. तिथल्या सिटी हॉलवर १९०६ पासून वर्षभर युनियन जॅक असे. ३ डिसेंबर २०१२ रोजी नगरपरिषदेने तो फक्त ठरावीक दिवशी, म्हणजे वर्षातून अठराएक वेळा लावायचे ठरवले. आयरिश राष्ट्रवाद्यांना झेंडा अजिबात नको होता, ब्रिटनवाद्यांना तो रोज हवा होता. अलायन्स पक्षाने सुचवलेला हा मधला मार्ग होता. तरी महिनोन्‌महिने रस्ते पेटले, अनेक पोलीस जखमी झाले. म्हणजे नुसत्या तारखा आखून सलोखा येत नाही, हे मान्य. पण तिथे ज्यांना झेंडा रोज हवा होता, त्यांच्यासाठी तो शहर कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर बनला होता. तारखेने नेमकी तीच मालकी काढून घेतली, म्हणून तर राग आला.

दिवस ठरलेला असला की झेंड्याला कारण द्यावे लागते. आज कुणाची आठवण आहे, ती का करायची, हे सांगावे लागते. दिवस सरला की तो उतरवून घडी घालून ठेवावा लागतो. खांबावर फाटेपर्यंत लोंबकळणारा झेंडा मात्र कुणाचीच आठवण करून देत नाही. तो फक्त हद्द आखतो.

आणि आठवणच काढायची तर सेंट जॉर्जची नीट काढावी. परंपरेनुसार त्यांची कबर लिद्दमध्ये, म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या लोद शहरात आहे. बेथलेहेमजवळच्या अल-खद्र गावात त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये ख्रिश्चनांबरोबर मुसलमानही येत आले आहेत. अनेक जण त्यांना हजरत खिज्र मानतात. इंग्लंडचा हा संत कधी इंग्लंडला गेल्याचा पुरावा नाही. आज तो तिथे पोहोचला असता, तर कदाचित त्यालाही अशाच एखाद्या हॉटेलात ठेवले असते आणि बाहेर त्याचाच झेंडा घेऊन लोक उभे असते.

२३ एप्रिलला ही गोष्ट इंग्लंडच्या शाळांतून सांगितली गेली, तर त्या झेंड्याखाली उभे राहायला कुणालाच धास्ती वाटणार नाही.